सोबतीला

दिवेलागणीला माय म्हणायची,
"जाय व चंद्रे, बाई एकटी हाय."
मी वाकळ बगलेत मारून
चावडीमागच्या खोलीकडे निघायची.
नऊ वर्षांची. राखण म्हणून.

रत्नप्रभा उंबरकर, ग्रामसेविका.
हे नाव गावात कुणी घेतलं नाही,
सगळ्यांना ती नुसती सेविकाबाई.
सरकारनं तिला एक सायकल दिली होती
आणि अकरा गावं.
बिनधुराच्या चुली घालायच्या,
पोरांना दुधाची भुकटी कालवून पाजायची,
बायांना सांगत फिरायचं,
बाळंतिणीला पाणी द्या, पाण्यानं काही होत नाही.
बाया ऐकायच्या. माना हलवायच्या.
आणि शेवटी हमखास,
"थे सारं खरं हो बाई. पण तुमचं काऊन नाई झालं?"
ती सायकलचं स्टँड पायानं उडवायची.
"नाही जमलं," म्हणायची,
बाजारात वांगी मिळाली नाहीत, अशा आवाजात.

सात तारखेला पगार, आठला मनिऑर्डर.
भाऊ नागपुरात शिकत होता,
मग नोकरीला लागला, मग त्याचं लग्न झालं,
मनिऑर्डर चालूच.
पावत्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात.
एकदा मला मोजायला दिल्या. एक्केचाळीस.
तिथपर्यंतचे आकडे मला येत नव्हते,
पावत्यांवरच शिकवले तिनं.

आमच्या घरी तिनं घातलेली चूल,
दोन तोंडांची, वर पत्र्याचं धुराडं.
बाबानं आठव्या दिवशी धुराड्यात बोळा कोंबला,
म्हणे, धुराबिगर भाकरीले चव नाई.
बाईनं काढला. बाबानं पुन्हा कोंबला.
असं तीनदा.
चौथ्यांदा मायनं काढला, रात्री,
आणि वावरात नेऊन पुरला.

उशाशी ती सायकलचा पंप घेऊन निजायची.
मला वाटायचं, चोरीला जाऊ नये म्हणून.
तुरी सोंगायच्या दिवसांत एका रात्री
दाराला कुणीतरी खांदा लावला.
मग खाकरणं. ओळखीचं,
ग्रामपंचायतीत पुढच्या खुर्चीवर बसणारं.
कंदील न वाढवता ती उठली.
"चंद्रा जागी आहे," मोठ्यानं म्हणाली,
"सकाळी शाळेत सांगेल कोण आलं होतं ते."
मी जागी नव्हते. त्या आवाजानं झाले.
सकाळी त्याच पंपानं तिनं
मागच्या चाकात हवा भरली.
कुणाला काही बोलली नाही. मीही नाही.
त्या महिन्यात तिच्या अहवालावर
सही व्हायला अकरा दिवस लागले.

पण मला सांगायचं होतं ते हे नाहीच.
तिचं झोपणं सांगायचं आहे.

माय झोपायची भिंतीला लागून, गुडघे पोटाशी,
तान्हं कुशीत, एक कान उघडा.
काकू, आत्या, साऱ्या तशाच.
मला वाटायचं, बाईमाणूस असंच झोपतं.
आणि ही, कंदील मालवला की
नवारीच्या पलंगावर हात इकडे, पाय तिकडे,
गाठोडं सोडून द्यावं तशी.
घोरायचीसुद्धा. बारीक, निवांत.
मी खाली वाकळीवर
तिचा लोंबणारा हात बघत पडायची.
पेरांमध्ये चुलीची माती.

बदली झाली तिची, मेळघाटाकडे म्हणे.
सायकल एसटीच्या टपावर चढली.
पंप मागितला मी. "सरकारी आहे गं," म्हणाली.
डबा दिला, पावत्या काढून.

पंधराव्या वर्षी माझं जमलं.
पाच लेकरं, त्यातली तीन राहिली.
एका कुशीवर, काठाला, बावन्न वर्षं.

यांना जाऊन आता चौथा महिना.
सून रात्री नातीला पाठवते सोबतीला.
येते बिचारी, मोबाईल बघत
खालच्या गादीवर झोपून जाते.
मी दिवा घालवते.
पलंग मोठा आहे.
काल एक पाय पलीकडच्या काठापर्यंत नेला.
चादर तिकडे गार होती.
ठेवला तिथंच.